दोन नंबरचं सेटिंग

मुकेश लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून आला, तेव्हा धाकलू ओटीवर डबा मांडीवर घेऊन बसला होता. डबा चिवड्याचा होता, पण त्यात आता चंदाच्या कानाची मशीन होती. दोन्ही कानांची.

"मामा, द्या डबा."

"आधी पाणी पी."

"प्यायलो. वंदनाने दिलं. डबा द्या."

"मग चहा घे."

"चहा टाकलाय तिनं."

धाकलूला अजून काहीतरी सांगायचं होतं, पण चहाच्या पुढे त्याला काही सुचलं नाही. त्याने डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं.

त्याच्या बायकोला, चंदाला, जाऊन वर्ष झालं होतं. शेवटची सहा-सात वर्षं ती मशीन तिच्या कानामागे असायची. काजूच्या आकाराची, कातडीच्या रंगाची, पदराखाली झाकलेली. तिच्या साड्या भावजय सरिताने वाटून टाकल्या, ते धाकलूने होऊ दिलं. मशीन मात्र त्याने कुणाला दिली नाही. ती काय ऐकत होती ते त्यात आहे, असं त्याला वाटायचं. आणि मुकेश आज ते पुसायला आला होता.

म्हणजे मुकेश तसं म्हणत नव्हता. मुकेश म्हणत होता, "सेटिंग बदलायचं, बस."

हे सगळं त्या म्हशीमुळे झालं. मागच्या महिन्यात मुरबाडला मुकेशच्या मुलीला, अनिताला, बघायला डोळखांबकडची माणसं आली होती. कमळाबाई, म्हणजे मुकेशची आई आणि धाकलूची थोरली बहीण, त्यासाठी मुद्दाम इथून, शेणव्याहून, तिकडे गेली. नवऱ्यामुलाच्या आईने गोड, बारीक आवाजात विचारलं, "शिकलीय ना?" कमळाबाईने ऐकलं, विकलीय ना. त्याच आठवड्यात मुकेशच्या म्हशीला गिऱ्हाईक आलं होतं. ती पुढे सरकली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "विकली नाय अजून. दूध चांगलं देते, पण लाथ मारते. रात्रीची बांधून ठेवावी लागते."

अनिता आत पोहे परतत होती. तिने उलथनं तिथंच टाकलं.

पाहुणे हसले, पण मुलाची आई हसली नाही. आता ती माणसं येत्या रविवारी परत येणार होती, आणि या खेपेला आईला ऐकू आलंच पाहिजे, असं मुकेशने ठरवलं होतं. कल्याणच्या ज्या दुकानातून चंदाची मशीन घेतली होती ते बंद झालं होतं. दुसऱ्या दुकानातला माणूस म्हणाला, हे मॉडेल जुनं झालं, याला आता कोणी हात लावत नाही. मुकेशला तेवढंच पुरे झालं. कोणी हात लावत नाही असं म्हटलं की मुकेशचे हात शिवशिवायचे. घरातला मिक्सर, शाळेची घंटा आणि सासऱ्याचा ट्रॅक्टर याच पायी गेला होता. त्याने कुठून तरी मशीनला जोडायचा एक जुना डबा, वायर आणि तसलाच जुना लॅपटॉप मिळवला, आठवडाभर व्हिडिओ बघितले आणि मामाला फोन केला.

"मशीन घराबाहेर जाणार नाय," धाकलू म्हणाला होता. "काय करायचं ते माझ्या डोळ्यासमोर कर."

म्हणून आज सगळे ओटीवर होते. धाकलूचा मुलगा प्रज्वल, सून वंदना, पलीकडच्या घरातून धाकटा भाऊ पांडू आणि त्याची बायको सरिता. आणि मधोमध पाट टाकून कमळाबाई. चंदाच्या तेराव्याला ती माहेरी आली होती, ती परत राहायला गेलीच नाही. वर्षभर तिचा हाच पाट आणि हाच खांब. तिला ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे तिच्यासमोर कोण काय बोलेल याचा धरबंध नव्हता.

मुकेशने लॅपटॉप उघडला. वायरी जोडल्या. मग बॅगेत हात घालून चाचपडत म्हणाला, "बूट कुठाय? वंदना, बूट बघ गो जरा. बूट असल्याशिवाय मशीन चालू होत नाय."

वंदना आत गेली आणि चंदाचे कॅनव्हासचे बूट घेऊन आली. डॉक्टरने चालायला सांगितलं तेव्हा घेतलेले. चंदाने ते एकदाच घातले होते.

"हे काय?"

"बूट."

"अगो, हा बूट नाय! मशीनच्या खाली बसतो तो, एवढासा. वायर लावायचा. त्याला बूट बोलतात."

"मग तसं बोला ना. मला वाटलं काय पूजाबिजा असेल."

बूट मुकेशच्याच शर्टाच्या खिशात निघाला. कॅनव्हासचे बूट कोणी आत नेले नाहीत. ते धाकलूच्या पायाशी राहिले.

"आता तेरा नंबरचे सेल," मुकेश मोठ्याने म्हणाला. "तेरा नंबर!"

"तेरावं?" कमळाबाई दचकली. "कुणाचं?"

"सेल, सेल! तेरा नंबरचे!"

"गेलं? कोण गेलं?" तिने कपाळाला हात लावला. "आणि मला आता सांगताय?"

तिला सगळी माणसं मोजून दाखवावी लागली. पांडू मोजताना तिने खात्रीसाठी त्याचा दंड चिमटला.

सरिता मघापासून चुळबुळत होती. ती धाकलूकडे सरकली. "भावजी, मी काय बोलते. वहिनींची वस्तू आहे. तिला हात नको लावूया. वन्संना नवीन घेऊ."

"तेच," वंदना म्हणाली. "जुन्यात कशाला हात घालायचा, बाबा?"

एरवी या दोघी एका पातेल्यातला चहा प्यायच्या नाहीत. मागच्या पावसाळ्यात शेणकुटांवरून जे भांडण झालं त्यानंतर एकमेकींशी बोलताना मध्ये मांजर असलं तर मांजराला सांगायच्या. आज दोघी एका बाजूला. धाकलूला कारण माहीत होतं. वर्षभर दोघींनी कमळाबाईच्या समोर बसून कमळाबाईबद्दल जे काही म्हटलं होतं ते तिला ऐकू आलं नव्हतं, आणि पुढेही येऊ नये असं त्यांना वाटत होतं.

"तुमी बायका घाबरताय," पांडू हसला. "आता बोलताना इचार करावा लागेल."

"व्हायलाच पाहिजे काम," प्रज्वल म्हणाला. "आत्यासाठी टीव्हीचा आवाज एवढा मोठा असतो की शहापूरला बातम्या कळतात."

धाकलू कुणाच्याच बाजूने बोलला नाही. बायकांची बाजू घ्यावी असं त्याला वाटत होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

"आधी टेस्ट," मुकेश म्हणाला. त्याने आईच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि मोबाईल हातात घेतला. "आई, बीप वाजलं की बोट वर."

कमळाबाईने बोट वर केलं.

"अजून वाजलं नाय."

बोट वरच.

"खाली घे, आई."

"बरं दिसत नाय काय?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

असं बराच वेळ चाललं. मध्येच ती डुलकी घेत होती आणि बोट वर होतं, त्यामुळे एक कान दोनदा करावा लागला. शेवटी मुकेशने मोबाईलवर आलेली रेघ बघितली, डोकं खाजवलं, परत बघितली.

"हे काहीतरी वेगळंच आहे," तो म्हणाला. "जाड आवाज आईला चांगला ऐकू येतो. डाव्या कानाने तर आपल्यासारखाच. बारीक आवाज गेलेत. पाखरं, शिट्टी, स, श, असले."

"म्हणजे?" पांडूने विचारलं.

"म्हणजे बायकांचं बोलणं हिला कळत नाय. पुरुषांचं..." मुकेश थांबला. "पुरुषांचं सगळं कळतं."

मग पांडू उठला. "मी जरा गुरांकडे बघून येतो."

"बस खाली, पांडू," कमळाबाई म्हणाली. हेडफोन अजून तिच्या डोक्यावर होते. "गुरं बांधलेली हायेत. सकाळी तूच बोललास ना प्रज्वलला."

पांडू बसला.

"आत्या, तुला ऐकू येतं?" प्रज्वलचा चेहरा उतरला. "मग उत्तर का देत नव्हतीस?"

"तुमी सगळे वरडता. वरडणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?" तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "आणि मजा येत होती. तू पोट दुखतंय सांगून कामावर सुट्टी टाकलीस आणि मासे धरायला गेलास."

"कधी?" वंदनाने विचारलं.

"एकदा काय? दर अमावास्येला पोट दुखतं याचं. आणि पांडू या मुकेशला फोनवर सांगत होता, सरिताची भाकर एवढी जाड असते की खाल्ली की झोपताना कुशी बदलता येत नाय."

सरिताने पांडूकडे बघितलं. पांडूने छपराकडे बघितलं.

"आणि आमी?" सरिताने घाबरत, शक्य तेवढ्या जाड आवाजात विचारलं. "आमी बायका बोललेलो ते?"

"तुमचं काय? तुमची तोंडं हलताना दिसतात नुसती. वर्षभर मला वाटायचं, किती गोड बोलतात दोघी माझ्याशी. मी आपली मान हलवायची."

वंदना आणि सरिता एकमेकींकडे बघून एकदम हसल्या. मध्ये मांजर नव्हतं. "घालाच मशीन यांना," सरिता म्हणाली. "आजच घाला. आमचं काय जातंय?" आता प्रज्वल आणि पांडू म्हणायला लागले की जुनी वस्तू आहे, शॉक लागला तर, उगाच म्हातारीच्या कानाशी खेळ कशाला. पण वंदनाचं हसू लगेच मावळलं होतं. ती पुन्हा म्हणाली, "पण सासूबाईंची मशीन नको." त्याचं नवल फक्त धाकलूला वाटलं. आता हिला कसली भीती?

"मामा," मुकेश म्हणाला. "डबा."

या वेळी धाकलूने दिला.

मुकेशने मशीनच्या पायात बूट चढवला, वायर लावली. दुसरी मशीन त्याने मुठीत धरली तर ती कुईंऽऽ करून ओरडली. वंदना गॅस बंद करायला धावली. "कुकर नाय, मशीन आहे!" ती परत आली. मुकेशने मूठ परत मिटली. कुईंऽऽ. ती परत धावली. त्या दिवशी डाळ कच्ची राहिली ती यामुळे.

लॅपटॉपच्या पडद्यावर दोन चौकटी आल्या. मुकेशचं बोट बटणावर गेलं आणि धाकलूने त्याचं मनगट धरलं.

"हे दाबल्यावर काय होतं?"

"जुनं जातं. आईचं नवीन बसतं."

"जुनं कुठं जातं?"

"कुठं जाणार मामा? पुसलं जातं."

"मग नको दाबू."

"मामा, रविवारी पाहुणे यायचेत! आई परत म्हैस विकायला काढेल!"

"आधी जुनं काढून ठेव. काढता येतं का नाय? आठवडाभर काय बघितलंस मग?"

मुकेशचा पाणउतारा झाला, पण दुसऱ्या चौकटीत तेच लिहिलं होतं. त्याने ती दाबली. खालून एक पट्टी हळूहळू भरत गेली आणि मग पडद्यावर रेघा उमटल्या. धाकलूने चष्मा पुसला. चंदाचं ऐकणं असं दिसत होतं तर. वाकडीतिकडी रेघ, गावच्या पायवाटेसारखी.

"हा एक नंबर. घरात, बाजारात, सगळीकडे चालेल असा," मुकेश म्हणाला. "मशीनवर बटण आहे, ते दाबलं की दोन नंबर लागतो. बहुतेक देवळाबिवळासाठी असेल." त्याने दोन नंबर उघडला. "अरे!"

"काय?"

"ही रेघ बघा. इथं केवढा खड्डा पाडलाय. शहापूर-मुरबाड रस्त्याला नसेल एवढा. मामी दोन नंबरमध्ये काय करत होत्या?"

"दोन नंबरचं?" कमळाबाई म्हणाली. "आमची चंदा? शक्य नाय."

"सगळे आवाज ठेवलेत. फक्त एका जागचा जाड आवाज दाबून टाकलाय. आपोआप असं होत नाय. कुणीतरी मुद्दाम बसून केलंय."

वंदना उठून आत निघाली. धाकलू म्हणाला, "वंदना. कल्याणला चंदाबरोबर तू गेली होतीस."

ती दारातच थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "बाबा, तुमी रागावू नका."

"नाय रागवत."

"दुकानातल्या बाईंनी विचारलं, अजून काही त्रास होतो काय. सासूबाई बोलल्या, त्रास नाय, सगळं झकास ऐकू येतं. फक्त संध्याकाळी एक माणूस जरा कमी करता येईल काय?"

पांडूला ठसका लागला.

"कोण माणूस?" धाकलूने विचारलं. त्याला कळलं होतं, तरी विचारलं.

"बाईंनी पण तेच विचारलं. सासूबाई बोलल्या, घरचाच आहे. चांगला आहे. पण त्याची मालगाडी रोज येते."

आता कोणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे खांदे तेवढे हलत होते.

धाकलूची मालगाडी शेणव्यात सगळ्यांना ठाऊक होती. रेल्वेत गँगमन असताना उंबरमाळीच्या अलीकडे त्याने ती थांबवली होती. रोज संध्याकाळी जेवणाआधी तो ती गोष्ट सांगायचा. प्रज्वल सुरुवातीलाच उठायचा, पांडू धुक्यापर्यंत टिकायचा. चंदा एकटीच शेवटपर्यंत बसायची, सुपात तांदूळ निवडत. गोष्ट सुरू झाली की तिचा हात कानामागे जायचा. नीट ऐकू यावं म्हणून ती तसं करते, असं धाकलू इतकी वर्षं समजत होता. उलट तो आवाज अजून चढवायचा.

ती बटण दाबत होती.

"मला घाल," तो म्हणाला.

"मामा, तुमचे कान चांगले हायेत. कान फुटतील."

"आवाज कमी कर आणि घाल. दोन नंबर लाव."

मुकेशने तसं केलं. रबरी टोप्या कानात गच्च बसल्या आणि जग दूर गेलं. धाकलूने प्रज्वलकडे बोट दाखवलं. प्रज्वलचा आवाज अगदी बापासारखा, फोनवर लोक फसायचे. "तू सांग. मालगाडी."

"बाबा, मी?"

"पाठ नाय काय तुला?"

पाठ सगळ्यांनाच होती. प्रज्वल उभा राहिला आणि बापासारखा कमरेवर हात ठेवून सांगायला लागला. त्याचे ओठ हलत होते. आवाज येत होता तो बंद दाराआडच्या डासाएवढा. धुकं आलं असावं, कारण पांडूने डोळ्यांसमोर हात फिरवला. रुळाचा सांधा उघडा पडलेला दिसला असावा, कारण प्रज्वल खाली वाकला. मग लाल झेंडा झोपडीत राहिला म्हणून खांद्यावरचा लाल टॉवेल आला, आणि प्रज्वलने वंदनाचा पदर ओढून हलवला. वंदनाने त्याच्या हातावर चापट मारली.

चापट स्वच्छ ऐकू आली. बांगड्या किणकिणल्या त्या कानात पडल्यासारख्या वाजल्या. मागच्या परसात चिमण्या भांडत होत्या. आणि सरिताने बसल्या बसल्या सूप पुढे ओढलं होतं, त्यातले तांदूळ सरकत होते. सर्रऽऽ. थांबून पुन्हा सर्रऽऽ. तांदळाचा एवढा आवाज होतो हे धाकलूला माहीत नव्हतं.

रोज संध्याकाळी ती हे ऐकत होती.

प्रज्वल शेवटाला आला होता. इंजिनातून ड्रायव्हर उतरतो, नाव विचारतो. हा सांगतो, धाकलू. ड्रायव्हर उत्तरेकडचा, त्याला ऐकू येतं डाकू. तो पळत जाऊन परत इंजिनात चढतो. इथे सगळे हसले. धाकलूला हसू दिसलं, म्हणून तोही हसला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की चंदाही इथंच हसायची. नेमकी इथंच. त्याचं तोंड बघून.

तो हसतच राहिला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सगळे थांबले तरी तो थांबेना, तेव्हा कमळाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"उठून जाता आलं असतं की रे तिला," ती म्हणाली. "बाकीचे जातात."

ते त्याला ऐकू आलं.

त्याने मशीन काढून मुकेशच्या हातात दिली. "एक नंबरला बायचं, तुझ्या आईचं, बसव. दोन नंबरला हात नको लावू. तसाच राहू दे."

"मामा, आईला त्याचा उपयोग नाय."

"राहू दे बोललो ना."

तासाभराच्या खटपटीनंतर, आणि दोनदा लॅपटॉप आपोआप बंद पडल्यानंतर, कमळाबाईच्या कानांवर मशीन चढली. तिने मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली. वंदना तिच्यासमोर बसली आणि नवऱ्यामुलाच्या आईच्या गोड आवाजात म्हणाली, "पोरगी शिकलीय ना?"

"शिकलीय. बी.कॉम. झालीय," कमळाबाई म्हणाली. "आणि लाथ नाय मारत."

मुकेशने दोन्ही हात वर केले, जणू टेस्ट त्याचीच होती.

"तुझा आवाज असा हाय होय गो?" कमळाबाई वंदनाला म्हणाली. "छान हाय. मला वाटलेलं, चिरका असेल." मग सरिताकडे वळली. "आता बोल, वर्षभर काय बोलत होतीस."

सरिताला घरी डाळ लावायची आठवण झाली.

संध्याकाळी मुकेश मुरबाडला परतला. प्रज्वल पोट दुखत नसतानाही घरी थांबला. कॅनव्हासचे बूट धाकलूने स्वतः उचलून आत नेऊन ठेवले. बाहेर आला तर कमळाबाई खांबाला टेकून सूप घेऊन बसली होती.

तो पायरीवर बसला. मग घसा खाकरला.

"बाय, उंबरमाळीला त्या दिवशी धुकं असं पडलेलं..."

कमळाबाईचा हात सावकाश कानामागे गेला. टिक.

धाकलूने तो हात बघितला. आवाज न चढवता तो पुढे सांगत राहिला. सूप हलत होतं, आणि डाकूपाशी पोचल्यावर दोघंही हसले.